गुणाजी वायरमनची धार

पहाटे पावणेपाचला माझी गाडी गुणाभाऊंच्या घरापुढच्या खळ्यात उभी राहिली की ते टॉर्च घेऊन पुढे यायचे आणि उजेड सरळ पाहुण्यांच्या पायांवर टाकायचे. नमस्कार नाही, स्वागत नाही. आधी पाय. एकदा पुण्याच्या एका बाईंनी पांढरेशुभ्र, कोरे बूट घातले होते. गुणाभाऊ खाली वाकले, बुटाच्या तळावरून अंगठा फिरवला आणि काही न बोलता घरात गेले. बाहेर आले ते सुनेचे जुने कॅनव्हासचे बूट घेऊन.

"हे घाला. ते गाडीत रवांदेत. खाली इल्यावर त्यांचो फोटो काडा."

बाई आधी रागावल्या. उतरताना मात्र घसरणीच्या जागी त्यांनीच गुणाभाऊंचा हात घट्ट धरला होता, असं त्यांच्या नवऱ्यानं मला परतीच्या वाटेवर हसत हसत सांगितलं.

मी कट्टा गावचा. माझी ड्रायव्हर सोडून सात माणसांची गाडी आहे. मालवणात सुहासशेट म्हणून एक जण पर्यटकांची बुकिंगं घेतो. किल्ला, होडी, पाण्यातल्या डुबक्या हे तिथं सगळेच विकतात, म्हणून त्यानं आपल्या यादीत 'डोंगरधारेवरचा सूर्योदय' घातला. नेआण त्यातच धरलेली. पावणेतीनला मालवण-तारकर्लीच्या हॉटेलांतून झोपाळू माणसं उचलायची, कट्टा, कसाल, कुडाळ करत दोन तासांत सह्याद्रीच्या पायथ्याला न्यायची, गुणाभाऊंच्या हवाली करायची आणि दुपारच्या जेवणाआधी परत समुद्रावर आणून सोडायची. माझं काम चाकांपुरतं. पहिल्या वर्षी पाहुणे वर गेले की मी सीट मागे टाकून झोपायचो. एक दिवस गुणाभाऊंनी काचेवर टकटक केलं.

"नंदू, रोज लोकांका हंयसर हाडतंस. वर काय आसा, ता तुका म्हायत आसा?"

"नाय ओ."

"मगे तू हमाल रे. ड्रायवर कसलो?"

त्यानंतर आठवड्यातून एखाद वेळ मीही त्यांच्या मागून चढायला लागलो. म्हणून हे सगळं सांगू शकतो.

वर, धारेच्या अलीकडे, सात-आठ घरांचा धनगरवाडा आहे. तिथं वीज गेली की पायथ्यापासून खांबाखांबानं तार तपासत वर जायचं, हे वीजमंडळात वायरमन असलेल्या गुणाभाऊंचं तीस वर्षांचं काम. भर पावसात, जळवा पायांना लागलेल्या, खांद्यावर दोराचं वेटोळं. निवृत्त झाल्यावरही त्यांनी खाकी शर्ट सोडला नाही. खिशात टेस्टर तसाच. डोंगरात त्याचा काय उपयोग, असं मी विचारलं होतं. म्हणाले, "खिसो हलको लागता."

बुटका माणूस. पोटऱ्या मात्र खांबासारख्या. चालताना कधी धापा टाकत नसत आणि कधी घाईही करत नसत. कुणी "सूर्य उगवून जाईल हो, जरा लवकर" म्हटलं, तर तिथंच थांबून ते शांतपणे विडीसारखी एक लवंग तोंडात टाकत. "उगवांदे. उद्या परत उगवतलो. तुमचो पाय मुरगळलो तर तो उद्या सरळ होवचो नाय."

चढायच्या आधी त्यांच्या दोन अटी असत. पहिली, पेज. त्यांची सून संजना चार वाजता उठून उकड्या तांदळाची पेज करायची. वाटीभर पेज आणि आंब्याच्या लोणच्याची एक फोड खाल्ल्याशिवाय कुणी खळ्याबाहेर पडायचं नाही. मुंबईच्या मुली नाक मुरडायच्या आणि उतरल्यावर संजनाकडे आणखी मागायच्या.

दुसरी अट लोकांना जाचायची. सगळ्यांना रांगेत उभं करून गुणाभाऊ आपल्या ऑफिसच्या मराठीत सांगायचे, "मी पुढे. माझ्या पुढे कोणी जायाचं नाही. मी थांबा म्हटलं की थांबायचं, पाय हवेत असला तरी." आणि मग एकेकाकडे बोट. "काय सांगितलं मी? परत सांगा."

प्रत्येकानं म्हणून दाखवायचं. नवराबायको असतील तर दोघांनी वेगवेगळं. एकदा बंगळुरूहून आलेला एक तरुण इंजिनियर वैतागला. "काका, आम्ही काय शाळेत आहोत का?"

"नाही," गुणाभाऊ म्हणाले. "परत सांगा."

त्यानं सांगितलं, पण तोंड वाकडं करून. त्या दिवशी सगळे उतरल्यावर मीच विषय काढला. "गुणाभाऊ, लोक कंटाळतत. एकदा सांगलास तर बस झाला नाय?"

ते खळ्यातल्या पाटावर बसून पायाची धूळ झटकत होते. मग त्यांनी मला दत्तारामची गोष्ट सांगितली. दोन वाक्यांत सांगितली. माझ्याकडून ती दोन वाक्यांत होणार नाही.

दत्ताराम त्यांचा जोडीदार. दोघं एकदम नोकरीला लागलेले. एका वादळानंतर धनगरवाड्याची तार तुटली. दत्ताराम खांबावर चढणार होता, आणि खालच्या गावातल्या एकुलत्या एका फोनवरून लाईन बंद करून घ्यायचं काम गुणाभाऊंचं. त्यांनी फोन केला. पलीकडचा सबस्टेशनवरचा माणूस "हो" म्हणाला. फोनवर खरखर होती. गुणाभाऊंनी डोंगराकडे तोंड करून हाळी दिली. ती वाडीवाडीतून पुढे गेली आणि दत्ताराम चढला. बंद झाली होती ती दुसरीच लाईन.

"तो हो म्हणालो. कसली हो, ता मी परत इचारूक नाय," गुणाभाऊ म्हणाले. "चूक त्याची नाय. त्याका जा आयकाक इला, ता त्याने केल्यान. परत सांग म्हणूचा काम माजा होता."

त्यांनी पाय धुतले आणि मला म्हणाले, "चल, तुजे पाहुणे गाडीत शिजतले." अर्ध्या चढावर एका खांबाजवळ ते दर वेळी पाच मिनिटं थांबायचे. पाहुण्यांना वाटायचं विसाव्याची जागा आहे. मलाही तोवर तसंच वाटत होतं.

पण माणूस सदा गंभीर होता असं कुणी समजू नये. वर गेल्यावर त्यांच्यासारखी मजा कुणाला येत नसे. इतर वाटाडे प्रत्येक सुळक्याला नाव ठोकून देतात. गुणाभाऊंना माहीत नसेल तर ते सरळ "म्हायत नाय" म्हणायचे, आणि ते अशा ऐटीत म्हणायचे की जणू हीसुद्धा एक माहितीच आहे. पक्षिनिरीक्षक असलेल्या एका गृहस्थांनी दुर्बिणीतून बघत विचारलं, "याला इथे काय म्हणतात?"

"नाव म्हायत नाय," गुणाभाऊ म्हणाले, "पण तो रोज त्याच फांदयेर बसता. काल तुमच्यासारख्याच एका मनशाक बगून उडालो. तुमका बगून उडूक नाय म्हणजे तुमी बरे."

ते गृहस्थ नंतर तीनदा आले. दर वेळी गुणाभाऊंनाच मागून.

आता इंदूबायची हकीकत. इंदूबाय मालवणची. घरची होडी, नवरा दर्यावर आणि ही पाटी घेऊन बाजारात. आमच्या कट्ट्याला मासे घेऊन येणारी, त्यामुळे मला लहानपणापासून ओळखणारी. नवरा जाऊन दोनेक वर्षं झाली होती. मी डोंगरावर माणसं नेतो हे तिच्या कानावर गेलं आणि एक दिवस तिनं मला बाजारातच गाठलं.

"नंदू, तुजी गाडी त्या खाचेच्या डोंगराक जाता मां? माका ने."

"आये, तुजे गुडघे चलतले? दीड तासाचो चढ आसा."

"गुडग्यांचा माका सांगा नको. माजो घोव चाळीस वर्सां तो डोंगर बगी होतो. ती खाच देवळाच्या कळसार इली काय म्हणायचो, आता होडी आपल्या वाटेर. मी एकदाव बगूक नाय."

समुद्रावरून डोंगरांच्या खुणा धरून होडी हाकायची, ही तिकडची रीत. आता फोनमध्ये सगळं दिसतं, पण तिच्या नवऱ्याच्या पिढीला ती खाचच घरी आणायची. ती खाच म्हणजे आमच्याच धारेतली खिंड.

सुहासशेटला विचारलं तर तो हातच जोडायला लागला. अडुसष्ट वर्षांची बाई, वर काही झालं तर जबाबदारी कुणाची? गुणाभाऊंना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "पाटी डोक्यार घेवन अजून चलता?"

"रोज चलता."

"मगे काय इचारतंस? घेवन ये."

पाहुणे नसलेला एक दिवस बघून मी तिला आदल्या संध्याकाळीच नेलं. संजनाच्या शेजारी ती झोपली. पहाटे साडेतीनला आम्ही तिघं निघालो, म्हणजे नेहमीपेक्षा दीड तास आधी. इंदूबाय अनवाणी. मला वाटलं आता गुणाभाऊ पायांवर टॉर्च टाकून बूट काढून देतील. त्यांनी टॉर्च टाकला, त्या रुंद, भेगाळलेल्या पावलांकडे बघितलं आणि टॉर्च बंद केला. "चला," म्हणाले. बाकीच्या सूचना मात्र तिलाही म्हणून दाखवाव्या लागल्या. "माज्या पुढे जावचा नाय, ह्या एक जमाचा नाय," ती म्हणाली. "मी कोणाच्या मागसून चलूक नाय कदी." तरी चालली. दर शंभर पावलांवर गुणाभाऊच दम लागल्याचं नाटक करून थांबायचे. तिला ते कळत होतं. "बस रे बाबा, तू म्हातारो झालंस," म्हणत ती टेकायची.

आम्ही धारेवर पोचलो तेव्हा पूर्वेला लालसर झालं होतं. त्या अंगाला घाटावरचं रान, या अंगाला कडा तुटलेला आणि खाली सगळं कोकण. मी आणि गुणाभाऊ सवयीनं पूर्वेला तोंड करून उभे राहिलो. सूर्य वर आला. मी मागं वळून बघतो तर इंदूबाय आमच्याकडे आणि सूर्याकडे पाठ करून बसलेली.

"दर्यो खंय रे?"

खाली अजून अंधार होता. आमच्याच डोंगराची सावली कुडाळच्याही पलीकडे, थेट क्षितिजापर्यंत पसरलेली.

"वायच थांब," गुणाभाऊ म्हणाले. "सावली मागे सरांदे."

ते तिच्या शेजारी जाऊन बसले. सूर्य जसजसा वर चढत होता, तसतशी ती सावली आमच्याकडे सरकत येत होती. आधी दूरची टेकाडं उजळली, मग नदीचा एक तुकडा चमकला, आणि त्याच्याही पलीकडे सुरीच्या पात्यासारखी एक बारीक रेघ दिसली. गुणाभाऊंनी बोट दाखवलं नाही. तिनंच ओळखली.

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "इतक्या लांब? इतक्या लांबसून ह्येनी त्याका घराक हाडल्यान?" आणि शेजारच्या कातळावर तिनं हात ठेवला. एखाद्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.

तिनं ओटीत नारळ आणला होता. तो गुणाभाऊंच्या हातात देऊन म्हणाली, "घाल गाऱ्हाणा. तुजो डोंगर, तूच सांग त्याका." गुणाभाऊंनी आयुष्यात देवापुढे अशी शंभर गाऱ्हाणी घातली असतील. गावात त्यांना त्यासाठीच बोलवायचे. त्यांनी नारळ घेतला, "बा देवा म्हाराजा" एवढं म्हटलं, आणि पुढे त्यांना शब्दच सुचेनात. शेवटी नारळ तसाच फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा तिच्या हातावर ठेवला.

उतरताना ती पुढे आणि गुणाभाऊ मागे. तेवढ्या एका दिवशी त्यांनी आपला नियम मोडू दिला.

गुणाभाऊ कधी चुकायचे नाहीत असं नाही. एकदा तर असे चुकले की त्याची चर्चा मालवणात महिनाभर चालली. वळवाचे दिवस होते. एकाच कंपनीतली मुंबईची सहा माणसं आली होती. त्यांच्यात एक बडे साहेब. धनगरवाड्यापर्यंत सगळे खुशीत चढले. पुढे धार उघडी आहे, अर्धा तास डोक्यावर झाडसुद्धा नाही. समुद्राच्या बाजूला ढग होते आणि त्यांच्या पोटात मधूनच उजेड लुकलुकत होता. आवाज नव्हता. गुणाभाऊ थांबले.

"आता पुढे जायाचं नाही."

साहेब हसले. "अहो, ते ढग कुठे आहेत बघा. पन्नास किलोमीटर लांब आहेत."

"असतील. पण जायाचं नाही."

"आम्ही रात्रभर जागून आलोय. तुमचं काम दाखवायचं आहे, अडवायचं नाही."

गुणाभाऊंनी सहाही जणांना एका धनगराच्या ओसरीत बसवलं आणि स्वतः दारात उभे राहिले. मीही होतो. पंधरा-वीस मिनिटांत ते ढग दक्षिणेला, गोव्याकडे सरकून गेले. आभाळ लख्ख झालं. वर, रिकाम्या धारेवर, असा काही सोनेरी उजेड पडला की मी स्वतः तसा दुसऱ्यांदा पाहिला नाही. ओसरीतून दिसत होती ती फक्त त्या उजेडाची कड. सहाही जण गुणाभाऊंकडे बघत होते. ते दारातून हलले नाहीत.

खाली येईपर्यंत कुणी त्यांच्याशी बोललं नाही. मालवणात पोचायच्या आधीच त्या लोकांनी मोबाईलवर काय काय लिहून टाकलं होतं. भित्रा वाटाड्या, वाया गेलेली सकाळ. सुहासशेटनं ते मला वाचून दाखवलं आणि म्हणाला, "पुरे झालं. घाटातला दुसरा एक जण आहे, त्याला सांगतो."

ते गुणाभाऊंच्या कानावर घालायचं काम माझ्यावर आलं. मी बाहेरच्या बाजूनं सुरुवात केली. "गुणाभाऊ, त्या दिवशी चुकलाच तुमचा वायच."

"चुकलंय तर," ते म्हणाले. "उद्या तशेच ढग इले तर परत चुकतलंय."

मग मी उरलेलं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. खिशातला टेस्टर काढून उगाच पुसला, परत ठेवला. "त्येका सांग, दुसरो कोण आसात त्येका खांबाच्या पुढची घसरण दाखवूक मी येतंय," एवढंच म्हणाले.

पावसाळा गेला. दिवाळीनंतर नवा वाटाड्या येऊ लागला. चांगला होता, गप्पिष्ट होता, पेज वगैरे भानगड नव्हती. गुणाभाऊंच्या घरावरून जाताना मी हॉर्न वाजवायचो आणि ते खळ्यातून हात करायचे. मला अपराधी वाटायचं. मग नाताळाच्या सुट्टीत सुहासशेटचा फोन आला.

"नंदू, उद्या माझी बहीण येतेय, दोन्ही मुलांना घेऊन. धारेवर जायचंय म्हणतात."

"बरां. त्या नव्याक सांगतंय."

तो जरा घुटमळला. "नको. गुणाजीला सांग."

मी गाडी वळवून लगेच गुणाभाऊंकडे गेलो. वाटलं, आता चार शब्द ऐकवतील, निदान माझ्यापाशी तरी. त्यांनी विचारलं, "पेज कितक्या जणांची?" त्या दिवसापासून काम परत त्यांच्याकडे आलं. सुहासशेटनं झाल्याबद्दल कधी माफी मागितली नाही आणि गुणाभाऊंनी कधी तो विषय काढला नाही.

ते थांबले ते आपणहून. मागच्या वर्षी थंडीत एक दिवस धारेवर दाट धुकं होतं. मी त्यांच्या मागून दुसरा होतो. एका जागी ते उजवीकडे वळले, चार पावलं गेले, थांबले आणि परत येऊन डावीकडे वळले. बस, एवढंच. पाहुण्यांच्या लक्षातही आलं नाही. सूर्योदय झाला, फोटो झाले, सगळे खुशीत उतरले. पाहुणे पेज पीत असताना गुणाभाऊंनी मला गोठ्याच्या मागे नेलं.

"नंदू, आजपासून संजना जातली."

"कशाक? काय झाला?"

"उजवीकडे कडो आसा. तीस वर्सांत माजो पाय थंय वळूक नाय. आज वळलो."

"चार पावलां तर होती, गुणाभाऊ. कोणाक कळूक पण नाय."

"माका कळला मां," ते म्हणाले. "बस झाला."

संजना तोवर काजूच्या कारखान्यात जायची आणि सकाळची पेज करायची. पण लहानपणापासून त्याच डोंगरात लाकडं आणायला, करवंदं काढायला फिरलेली. गुणाभाऊंनी दोन महिने तिला पुढे चालवलं आणि स्वतः पाहुण्यांसारखे मागून चालले. ती चुकायची वाट बघत असायचे. चुकली नाही की जरा हिरमुसायचे, हे मी पाहिलंय. मग तेही सोडलं. पेज मात्र स्वतः करायला लागले. मीठ कायम जास्त पडायचं.

या पावसाळ्यात चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि गुणाभाऊ गेले. नदीला पूर होता, मला पोचता आलं नाही. इंदूबाय मालवणहून दोन एस्ट्या बदलून बाराव्याला गेली होती, असं संजनानं सांगितलं. येताना नारळ घेऊन आली होती.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते फाल्गुनातल्या एका सकाळी. संजना सात जणांना घेऊन वर गेली होती. मी गाडीत डुलकी काढली. जाग आली तेव्हा आठ वाजायला आले होते. वर सूर्य उगवून तास होऊन गेला तरी पायथ्याला ऊन उशिरा उतरतं, तसं ते नुकतंच खळ्यात येत होतं. पाणी प्यायला म्हणून मी घराकडे गेलो.

गुणाभाऊ पडवीतल्या बाकड्यावर झोपले होते. पेजेची भांडी घासून पालथी घातलेली, अंगात खाकी शर्ट, एक हात उशाला, तोंड किंचित उघडं. दिवस वर आलेला असताना हा माणूस झोपलेला मी कधी बघितला नव्हता. ऊन त्यांच्या पावलांपर्यंत आलं, मग पोटऱ्यांवर चढलं. त्यांनी नुसती कूस बदलली.

एवढ्यात पाहुणे उतरल्याचे आवाज आले. हसत, ओरडत, एकमेकांना फोटो दाखवत. संजना सगळ्यांच्या पुढे होती. तिनं पडवीकडे बघितलं आणि मागे वळून नुसता हात वर केला. सातही जण जागच्या जागी थांबले. मग एकेक जण पावलं न वाजवता खळ्यातून गाडीकडे आला. दारं मी हातानं दाबून, आवाज न करता लावली.

खळ्यापासून सडकेपर्यंत उतार आहे. मी हँडब्रेक सोडला आणि गाडी तशीच खाली जाऊ दिली. सडकेला लागल्यावरच इंजिन सुरू केलं.